शारजाह ते गोडादरा, व्हाया एक उसवलेली गोधडी

धुळ्याहून परदेशी जायचे म्हटले की सगळे मुंबईकडे बोट दाखवतात. मी सूरत निवडले. अंतर जवळजवळ निम्मे, विमानतळ आटोपशीर आणि शारजाहला थेट विमान. महाविद्यालयात अठ्ठावीस वर्षे संख्याशास्त्र शिकवल्यानंतर एवढा साधा हिशेब मला कळायला हरकत नव्हती. शारजाहच्या संग्रहालयात जुनी अरबी खगोलयंत्रे आहेत, ती डोळ्यांनी पाहायची आणि परवडली तर एक चांगली दुर्बीण आणायची, एवढाच हेतू होता. सोबत कोणी नको होते. सोबत आली की वेळापत्रकाची माती होते.

एसटीची धुळे-सूरत बस साक्री, विसरवाडी, नवापूर, सोनगढ, बारडोली अशी जाते. सहा तास धरा, कोंडाईबारीच्या घाटात ट्रक आडवा झाला तर सात. नवापूरच्या थांब्यावर चहा बरा मिळतो, स्वच्छतागृहाविषयी मी लिहिणार नाही. कडोदरा आले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना मागांचे कारखाने सुरू होतात आणि बसमधले निम्मे लोक तिथेच, किंवा पुढे पर्वत पाटियाला उतरतात. ही सगळी आपलीच माणसे: अमळनेर, पारोळा, शिंदखेडा. सूरत हे खानदेशचे मोठे गाव आहे, असे मी वर्गात सांगत असे. तिथे कोणाच्या घरी मात्र मी कधी गेले नव्हते.

सूरतेत रिक्षाला मीटर असते की नाही, हे मला अजून निश्चित सांगता येत नाही. मी मीटर टाकायला सांगितले तेव्हा रिक्षावाल्याने "मासी, सूरतमां नवा छो?" असे प्रेमाने विचारले आणि मनाला येईल तो आकडा सांगितला. लोचो, म्हणजे डाळीच्या पिठाचा वाफवलेला सुरती पदार्थ, अवश्य खा, पण साधा. हल्ली त्यावर चीज किसून घालतात. या प्रकाराला काय म्हणावे, ते मला सुचलेले नाही.

जाताना एक काम करा. अंगावर सोन्याचे काही असेल तर निघण्यापूर्वी सीमाशुल्क कक्षात ते दाखवून, हे मी भारतातून नेत आहे, असे प्रमाणपत्र घ्या. माझ्या दोन पाटल्यांचे मी घेतले. वेळ लागतो, विचारणारे आपणच पहिले आहोत असा चेहरा समोरचा करतो, तरी घ्या. ते का घ्यायचे, हे पुढे कळेल.

शारजाहचे चार दिवस मी थोडक्यात आटोपते, कारण ते व्यवस्थित गेले आणि व्यवस्थित गेलेल्या गोष्टींवर लिहिण्यासारखे थोडे असते. बसेस वेळेवर धावतात. संग्रहालयातल्या पितळी यंत्रांवरचे अंशांचे कोरीव काम इतके नेमके आहे की दीड तास मी एकाच कपाटासमोर उभी होते. रखवालदाराने शेवटी खुर्ची आणून दिली. जेवणाला केरळी खानावळी उत्तम आणि स्वस्त. दुर्बीण घेतली. तिची किंमत विनाशुल्क मर्यादेच्या वर जात होती, म्हणून बिल जपून वरच्या कप्प्यात ठेवले. परतीच्या थेट विमानात जागा नव्हती, तेव्हा दुसऱ्या एका शहरातून यायचे आणि तिथून गाडीने सूरत गाठायचे ठरले. त्या विमानतळाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तक्रार अजून विचाराधीन आहे आणि निकालाआधी नाव घेणे मला शिस्तीचे वाटत नाही.

विमानात माझ्या शेजारी इंदूबाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, डोक्यावर पदर, मांडीवर बटवा. मूळ पारोळा तालुक्यातल्या, आता सूरतेत गोडादऱ्याला राहणाऱ्या. नवरा कडोदऱ्याच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग जुळवणारा आणि दुरुस्त करणारा. जावई शारजाहला वातानुकूलन यंत्रांची कामे करतो. मुलीच्या बाळंतपणासाठी बाई तिकडे गेल्या होत्या आणि तीन महिन्यांनी परत निघाल्या होत्या. एवढी माहिती मला सीटबेल्ट लावायच्या आत मिळाली.

"तुम्हन गाव कोनतं, ताई?"

"धुळे."

"आवो मंग आपलाच शेतस तुम्ही!" असे म्हणून त्यांनी मला शेंगदाण्याचा लाडू दिला आणि नातवाचे तेवीस फोटो दाखवले. मी तेवीसही पाहिले. आमच्या घरी अहिराणी बोलायला वडिलांची बंदी होती. शिकलेल्या माणसाने प्रमाण भाषा बोलावी, असे त्यांचे मत होते आणि मी ते इमानाने पाळत आले. पण ऐकलेले सगळे कळत होते.

सकाळी साडेआठला उतरलो. सामानाच्या पट्ट्यापाशी हातात खडू घेतलेला एक कर्मचारी उभा होता. पट्ट्यावरून येणाऱ्या काही नगांवर तो फुलीची खूण करत होता. खूण असलेला नग घेऊन माणूस दाराकडे निघाला की त्याला बाजूला बोलावले जाई.

मोजणे ही माझी सवय आहे. दुर्बिणीचे खोके यायला वेळ होता, म्हणून मी मोजले. माझ्यासमोर सात जणांना बाजूला घेतले. एक दाढीवाले वृद्ध गृहस्थ, टोपी घातलेले. रेक्झिनच्या बॅगा घेतलेले चार मजूर. बुरखा घातलेली एक बाई. आणि इंदूबाई. चाकांची टणक बॅग ओढणाऱ्यांपैकी एकालाही नाही. सात हा लहान नमुना आहे, त्यावरून निष्कर्ष काढू नये, हे मी विद्यार्थ्यांना अठ्ठावीस वर्षे सांगितले आहे. तरीही खडू बॅगेवर टेकण्याआधी तो कर्मचारी क्ष-किरण यंत्राच्या पडद्याकडे पाहत नव्हता, बॅग उचलायला पुढे होणाऱ्या माणसाकडे पाहत होता. त्यासाठी नमुना मोठा असण्याची गरज नाही.

इंदूबाईंच्या नगात पाहण्यासारखे एवढेच होते: मागावरून निघालेल्या कोऱ्या कापडाची हाताने शिवलेली पिशवी आणि नायलॉनच्या दोरीने बांधलेली गोधडीची वळकटी. गोधडीवर फुली होती.

मी स्वतः लाल मार्गाकडे गेले. शुल्क लागणारी वस्तू आहे असे सांगणाऱ्यांसाठी तो असतो, बाकीच्यांसाठी हिरवा. तिथे खिडकीत कोणी नव्हते. दोनदा हाक मारल्यावर एक अधिकारी आले.

"क्या है, मैडम?"

"दुर्बीण. हे बिल. शुल्क भरायचे आहे."

त्यांनी बिलाकडे पाहिले नाही. माझ्या चष्म्याकडे आणि साडीकडे पाहिले. "अरे, बच्चों को तारे दिखाएँगी ना? जाइए मैडम. आप जैसे लोगों को कौन रोकता है."

आयुष्यात माझा अपमान पुष्कळदा झाला आहे, पण एवढ्या नम्रपणे क्वचितच. मी म्हणाले, मला कोणी रोखावे अशी इच्छा नाही, नियम आहे तसे शुल्क घ्यावे. ते हसले आणि निघून गेले. मी बिल हातात घेऊन तिथेच उभी राहिले. दहा मिनिटांनी ते परत आले, बिलासाठी नव्हे.

"मैडम, आप पढ़ी-लिखी हैं. पाँच मिनट दीजिए. एक लेडीज़ पैसेंजर की तलाशी है, पंच चाहिए."

झडतीला दोन त्रयस्थ साक्षीदार लागतात, त्यांना पंच म्हणतात. म्हणजे जिचे सामान उघडून पाहण्याची गरज वाटली नाही, तीच बाई दुसरीच्या झडतीला साक्षीदार म्हणून विश्वासाची वाटली. या दोन्ही निर्णयांमागे माझी साडी होती. मी तयार झाले, कारण आत कोण असणार, याचा मला अंदाज आला होता.

खोलीत इंदूबाई बाकावर बसल्या होत्या. मला पाहून त्यांचा चेहरा सैल पडला. "ताई, दखा ना, काय मांडी ठेयेल शे यास्नी!" अंगझडतीला महिला अधिकारी होती, एवढे त्यांनी नियमाने केले होते. दुसरा पंच ट्रॉल्या गोळा करणारा एक कर्मचारी. मी त्याला विचारले, पंच म्हणून काय पाहायचे असते, माहीत आहे का?

"मैडम, देखना क्या है? मैं तो रोज़ साइन करता हूँ," तो म्हणाला.

मग ब्लेडने गोधडी उसवली. ती खानदेशी गोधडी होती, जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून दाट धावदोऱ्याने शिवलेली. तिसऱ्या थराखाली, एका कोपऱ्यात, कापडाच्या पुरचुंडीत सोन्याच्या मण्यांची पोत निघाली.

अधिकाऱ्यांचा चेहरा उजळला. "देखा मैडम? नज़र होती है. पंद्रह साल का तजुर्बा है."

मी मान्य करते, त्या क्षणी मीही इंदूबाईंवर चिडले. सोने गोधडीत शिवून कोणी विमानाने येते का? पण आपल्याकडच्या बाया एसटीने, रेल्वेने असेच येत-जात आल्या आहेत. गळ्यात घातले तर ओढून नेतात, बॅगेत ठेवले तर बॅग जाते, गोधडी कोणी चोरत नाही. चोरापासून लपवण्याची ही रीत सीमाशुल्काच्या भाषेत तस्करी ठरते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

"ती मना मायनी दिधेल पोत शे," इंदूबाई म्हणाल्या. "चोरेस्ना भेव म्हणीसन शिवी टाकी. मी लयी जायेल व्हती हाईच पोत, आनि हाईच परत लयनी."

मी भाषांतर केले: पोत आईने दिलेली, जाताना नेली होती, तीच परत आणली.

"जाते समय सर्टिफ़िकेट लिया था?"

इंदूबाईंनी हिंदीत उत्तर दिले. "माँगा था साहेब. इसी एयरपोर्ट पे. वो बोले, तुम्हारे पास है कितना, जाव."

अधिकाऱ्यांनी पोत उचलली. एक मणी बोटांत धरून म्हणाले, "वज़न कम लगता है. अंदर पाउडर भर के लाते हैं आजकल. एक तोड़ के देखना पड़ेगा."

"ओ भाऊ, फोडू नको रे!" इंदूबाई उभ्या राहिल्या. "लाख शे त्यामा, लाख! मना मायनी शे ती!"

जुन्या पद्धतीच्या मण्यांत वरून सोन्याचा पत्रा आणि आत लाख भरलेली असते. एकदा मणी फुटला की तो पूर्ववत करणारा सोनार आता मिळत नाही. त्यांना शुल्काची भीती नव्हती. आईची एकुलती एक वस्तू आपल्या डोळ्यांदेखत फोडली जाणार आणि उरलेली कागदात बांधून कुठल्याशा कपाटात जाणार, ही भीती होती.

कायदा मी घरून वाचून निघते. अंगझडतीपूर्वी प्रवाशाने मागणी केली तर त्याला जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर न्यावे लागते. अंगझडती तर होऊन गेली होती, पण वरिष्ठांसमोर नेण्याची मागणी करायला कोणाची बंदी नव्हती. मी तसे म्हणाले.

"आप पंच हैं मैडम, वकील नहीं. माँगना है तो वो माँगे."

हे बरोबर होते, म्हणून अधिकच संतापजनक होते. मी इंदूबाईंकडे पाहिले. त्यांनी पदर खोचला.

"बड़े साहेब को बुलाव. जब तक वो नहीं आते, मणी को हाथ नहीं लगाने का."

बडे साहेब येईपर्यंत अधिकाऱ्यांनी पंचनाम्याचा मजकूर संगणकावर काढून माझ्यापुढे ठेवला. तो आधीपासूनच तयार होता, फक्त नाव आणि वस्तू भरायच्या होत्या. त्यात वाक्य होते: सदर महिला प्रवासी हिरव्या मार्गाने जात असताना घाबरलेली दिसली व तिने विचारलेल्या प्रश्नांना उडवाउडवीची उत्तरे दिली, सबब संशय आला.

"हे खरे नाही," मी म्हणाले. "गोधडी पट्ट्यावर असतानाच तिच्यावर फुली पडली. त्याआधी तुम्ही बाईंशी एक अक्षर बोलला नाहीत. त्या घाबरलेल्या केव्हा दिसल्या?"

"मैडम, ये फ़ॉर्मेट है."

"मग मी सही करणार नाही."

ट्रॉलीवाल्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू मी चालत्या गाडीची साखळी ओढली आहे. अधिकारी वैतागले. "मिला ना आख़िर? शक सही निकला ना?"

मी शक्य तितक्या शांतपणे विचारले, "आज माझ्यासमोर सात जणांना बाजूला घेतलेत. बाकीच्या सहांकडे काय सापडले?"

"कुछ नहीं."

"त्यांची नोंद कुठे आहे?"

"जिनके पास कुछ नहीं मिला, उनका क्या लिखना?"

माझ्या विषयातली अत्यंत प्राथमिक चूक मला इतक्या आत्मविश्वासाने कोणी ऐकवलेली नाही. ज्यांना तपासले त्यांच्यातलेच सापडणार, कारण बाकीच्यांना तपासलेच नाही. सापडले ते लिहायचे, सापडले नाही ते विसरायचे, आणि पंधरा वर्षांनी त्यालाच तजुर्बा म्हणायचे. त्या सकाळी चाकांच्या टणक बॅगांतून काय काय दाराबाहेर गेले, ते कोणालाच माहीत नाही. एक दुर्बीण तरी जात होती, एवढे मी खात्रीने सांगू शकते.

वरिष्ठ अधिकारी आल्या. बाई होत्या, थकलेल्या दिसत होत्या, पण त्यांनी आधी ऐकून घेतले, ही मोठी गोष्ट. "माँजी, जाते वक़्त पहनी हुई कोई फोटो है?" त्यांनी विचारले.

इंदूबाईंचा नवरा, सुपडूआप्पा, बाहेर उभा होता, सूरतेहून भाड्याची गाडी घेऊन आलेला. फोन लावला. सुपडूआप्पांनी पाच मिनिटांत फोटो धाडला: तीन महिन्यांपूर्वीचा, त्याच विमानतळाच्या प्रवेशदारापाशी काढलेला. इंदूबाई मध्ये, डाव्या-उजव्या हाताला निरोप द्यायला आलेले अर्धे गोडादरा, आणि पोत पदरावर ठळक दिसणारी. फोटो मोठा करून मी मणी मोजले. सत्तावीस. हातातल्या पोतीचे मोजले. सत्तावीस. उजवीकडून चौथा मणी चेपलेला, दोन्हीकडे. वरिष्ठ बाईंनी स्वतः पुन्हा पाहिले आणि पोत इंदूबाईंच्या ओंजळीत ठेवली.

"जाइए माँजी. आगे से सिल के मत लाना."

इथे कोणीही सुटकेचा निःश्वास टाकून निघून गेले असते. मी म्हणाले, "झडती झाली, गोधडी फाडली गेली, काही बेकायदा मिळाले नाही, असे लिहून द्या."

"कुछ निकला ही नहीं तो पंचनामा किस बात का?" वरिष्ठ बाईंना माझे म्हणणे खरोखर कळले नव्हते. नमुन्याचा कागद एव्हाना फाडून टोपलीत गेला होता.

मी खुर्ची सोडली नाही. तेव्हा इंदूबाईंनी माझे मनगट धरले. "ताई, आते चला ना. मना मानोस पहाटपशी बाहेर उभा शे. माले कागद नको, माले घर जाऊ द्या."

मी उठले. हरले असे वाटले आणि तो राग मी अजून सोडलेला नाही. जाताना लाल मार्गावर पुन्हा थांबले. वरिष्ठ बाईंसमोर आता कोणाला नाही म्हणता येईना, तेव्हा माझे शुल्क घेतले. पावती माझ्याकडे आहे. त्या सकाळच्या कागदपत्रांत माझी नोंद आहे. कागदांपुरत्या इंदूबाई तिथून कधी गेल्याच नाहीत.

सुपडूआप्पांनी आग्रहाने मला त्यांच्याच गाडीत बसवले. मी माझा वाटा देऊ केला. ते म्हणाले, "मॅडम, आमच्या घरून जेवून जा, तोच वाटा." रस्ता चांगला आहे, पण टोलनाक्यांना अंत नाही. वाटेत मी त्यांना सगळे सांगितले, न सापडलेल्यांची नोंद हा भाग तर तीनदा, कारण माझा संताप जिरत नव्हता. आप्पा खिडकीबाहेर बघत ऐकत होते.

"आमच्या मागाच्या खात्यात नाही चालत असं," ते म्हणाले. "माग थांबला की कार्डावर लिहायचं. तार तुटला, धागा ओढणाऱ्या फवाऱ्याचं पाणी कमी पडलं, जे असेल ते. आणि काहीच सापडलं नाही, तरी लिहायचं, 'कारण सापडलं नाही' असं. नाहीतर जॉबर काय करतो माहिती? जो माग आवडत नाही, तोच सारखा थांबवून खोलत बसतो. अन् मग शेठला सांगतो, हाच माग खराब आहे."

पदव्युत्तर वर्गाला हेच समजावून सांगायला मला दोन तासिका लागतात.

दुपारी गोडादऱ्याला पोचलो. घर दोन खोल्यांचे, वर पत्रा, आत लखलखीत. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकर, शेवभाजी, कांदा. शेवभाजीचा तवंग पाहून मी आधी नाक मुरडले आणि मग दोनदा वाढून घेतली. पोत पाहायला शेजारणी जमल्या. गोधडीचा उसवलेला कोपरा हातोहात फिरला.

"आवो इंदूबाई, काबर शिवी तुनी? गयामा घालीसन येवाले काय व्हयनं?"

"तुनी पोत गयामाईन ओढी लयी गया ना भुसावयले? मंग!"

"आते पुढला टाइमले दोन गोधड्या शिव. एक साहेबले फाडाले."

सगळ्या हसल्या. इंदूबाईही हसल्या, पण पोत त्यांनी खाली ठेवली नाही.

मी कागद मागितला आणि तिथेच तक्रारअर्ज लिहायला बसले. अर्ज इंदूबाईंच्या नावाने असायला हवा होता. झडती त्यांची झाली होती. सही करायची की नाही, यावर घरात अर्धा तास बोलणे झाले. मुलगी तिकडे आहे, पुन्हा जावे लागेल, नाव कुठेतरी लागेल आणि पुढच्या वेळी मुद्दाम अडवतील. ही भीती खोटी नव्हती आणि मी तिला खोटी म्हणाले नाही. एवढेच सांगितले, की कागद नसेल तर पुढच्या वेळी फुली याच कारणाने पडेल, आणि आज ती कोणावर पडली हे तेव्हाही कोणाला माहीत नसेल. आप्पा बायकोकडे वळले. शेवटी ते म्हणाले, "तुनी पोत शे, तू ठरव."

"वाची दखाडा आगोदर," इंदूबाई मला म्हणाल्या.

मी तीन पाने लिहिली होती. भाषा नेमकी, मुद्दे क्रमाने, मागण्या स्पष्ट: प्रत्येक झडतीची नोंद व्हावी, काही सापडो वा न सापडो, कोणाला व कोणत्या कारणाने निवडले ते लिहावे, कारण वस्तूत असावे, माणसाच्या कपड्यांत, धर्मात किंवा बोलीत नसावे, पंचनाम्याचा मजकूर आधीपासून तयार नसावा, जाताना प्रमाणपत्र मागणाऱ्याला ते द्यावे किंवा नकार लेखी द्यावा. मी वाचायला सुरुवात केली. "मी एक अशिक्षित व गरीब महिला असून, त्या प्रसंगी अत्यंत घाबरलेल्या अवस्थेत..."

"थांबा," इंदूबाई म्हणाल्या. "अशिक्षित कोन?"

मी कागदावरून मान वर केली.

"मी चौथी पास शे. आनि गरीब काबर लिखं? कमाई खातस आम्ही. आनि मी भेवायनी कवय? मणी फोडाले लागना तवय वरडनू मी, तो राग व्हता मना. भेवायनी म्हनीसन त्या साहेबनी लिखेल व्हतं ना? तेच तुम्ही लिखी टाकं."

खोलीत शेजारणी होत्या, आप्पा होते. त्यांच्यासमोर मी ते वाक्य खोडले. आक्षेप बिनतोड होता. त्या वाक्यावर मी विमानतळावर सही नाकारली होती. इथे मी स्वतःच्या हाताने ते लिहिले होते, सुवाच्य अक्षरात, सदिच्छेने, त्यांना एकदाही न विचारता.

"मग काय लिहू?"

त्यांनी कागद स्वतःकडे ओढला. "लिखा, मी रांगमा उभी व्हती. तितलंच."

दुसऱ्या दिवशी पर्वत पाटियाला धुळ्याची बस पकडली. सकाळी लवकर निघालात तर घाट येईपर्यंत ऊन चढत नाही. दुर्बिणीचे खोके कंडक्टरने मांडीवर घ्यायला लावले आणि त्याचे अर्धे तिकीटही फाडले. त्याच्याशी वाद घालण्याइतका उत्साह माझ्यात उरला नव्हता.

घरी येऊन दुर्बीण गच्चीवर लावली. उत्तम आहे, पैसे वसूल. शारजाह चांगले आहे, अवश्य जा. प्रमाणपत्र घ्या. दागिना गोधडीत शिवू नका. वाचल्याशिवाय सही करू नका. वरिष्ठांना बोलवा म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे, तो आवाज न चढवता वापरता येतो. चढवला तरी चालतो. अर्ज रजिस्टर्ड टपालाने गेला, पोच आली, उत्तर नाही. मी स्मरणपत्र धाडले आहे आणि आणखी धाडणार आहे.

तीन पानांचे आता एकच पान झाले आहे. मागण्या तशाच आहेत, विशेषण एकही नाही. खाली इंदूबाईंची सही आहे, पूर्ण नाव, चौथीच्या वळणाचे मोठे अक्षर. वर पहिले वाक्य: मी रांगेत उभी होते. पाठवण्यापूर्वी मी तो कागद माझ्या सवयीप्रमाणे चार वेळा तपासला. त्या वाक्यात मला दुरुस्त करण्यासारखे काही सापडले नाही.